चिंच फोडणाऱ्या बोटांविषयी तीन मिनिटं

लातूरच्या प्रशिक्षणातून मी
पाच गोलांचा एक तक्ता घेऊन आलो.
पहिल्या गोलात लिहिलं होतं, समानुभूती.
नववी 'ब'नं तो शब्द तीनदा वाचला,
तिन्ही वेळा वेगळा.

तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला.
म्हणालो, आठ दिवस कुणी काही बनवायचं नाही.
कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसायचं, बस.
किशन गवंडगावेनं दप्तरात
मोटार, बॅटरी, पंख्याची पाती आणलेली.
'मग सर, मार्क कशाचे?'

आरेफा बागवान औशाच्या आडतीमागं गेली,
तिची अम्मी फाल्गुनात तिथं चिंचा फोडते.
पहिल्या दिवशी वहीत एकच ओळ:
मशीन पाहिजे.
दुसऱ्या दिवशी: हातोडी बोटावर बसते,
सोजरबाईचं नख काळं.
चौथ्या दिवशी: मशीनचं विचारलं. सगळ्या गप.
मग सोजरबाई म्हणली,
मशीनच फोडाया लागली तर
आमी काय फोडावं, कपाळ?

खाली, पहिल्या ओळीवर, काट.
मी ती काट बराच वेळ बघत बसलो.
वीस वर्षांत माझ्या वर्गात
इतकं चांगलं कुणी काही खोडलं नव्हतं.

मग सायकलच्या ट्यूबचं टोपण. आत घाम.
बाटलीचं झाकण. निसटलं.
बांबूचा चिमटा. चिंच धरली, पण चिंचोका उडून
खालाच्या भुवईवर.
शेवटी कपडे वाळत घालायचा चिमटा,
त्याला तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा वाकडा ओठ.
सोजरबाई 'हं' म्हणली
आणि संध्याकाळी परत द्यायला विसरली.

आता सांगायला शीक, म्हणालो.
तिनं हात बांधून सुरू केलं,
'आदरणीय परीक्षक, आजच्या विज्ञानयुगात...'
युग काढ. मानवजात काढ.
अम्मीला सांगतेस तसं सांग.
'अम्मीला मी सांगत नाही, सर.
ती बघते.'
यावर माझ्याकडं तक्त्यातला एकही गोल नव्हता.

जिल्ह्याला शेजारच्या टेबलावर
दिवे मिचकावणारा यंत्रमानव नमस्कार करत होता.
आरेफानं परीक्षकांपुढं दगड ठेवला,
चिंच ठेवली, हातोडी हातात दिली.
'एक फोडून बघा, साहेब. आधी चिमट्याबिगर.'
साहेब हसले, घड्याळ वर सारलं, हातोडी उचलली,
आणि ती खाली यायच्या आधीच
बोट मागं घेतलं.

'एवढंच सांगायचं होतं,' आरेफा म्हणाली.
दोन मिनिटं उरली होती.
मी मागं उभा, पाठ करून घेतलेली वाक्यं
माझ्याच तोंडात, न लागलेली.

निकाल उशिरा होता. आम्ही एसटी पकडली.
बेलकुंडच्या फाट्यापर्यंत ती खिडकीशी गप्प,
हातात चिमटा, उघड-मिट, उघड-मिट.
मला वाटलं, नंबराचा विचार करतेय.

'सर,
निलावतीमावशी डावखुरी आहे.
तिचा ओठ उलटा लावावा लागंल ना?'