दहा मीटरपर्यंत

सिसिमियुतच्या धक्क्यावर उयाराकचं दुकान.
गळ, दोर, रबरी बूट, काडतुसांचे खोके,
आणि काचेखाली तीन कॅमेरे
बाजारात मांडलेल्या माशांसारखे
एकाच दिशेला डोळे लावून.

"जलरोधक," उयाराक म्हणतो, "दहा मीटरपर्यंत."
आणि दहाच्या खाली?
"दहाच्या खाली तू कशाला जातेस?"

खरंय त्याचं.
मी नाही जात. कॅमेरा जातो.

मागच्या ऑगस्टमध्ये असाच एक गेला,
काळा, शहाणा, महागडा.
मनगटावरची फीत निसटली
आणि साधं डुबुक सुद्धा न म्हणता गेला.
पहिले दहा मीटर तो आतून कोरडा होता,
तशी लेखी हमी होती माझ्याकडे.

तेव्हा कळलं,
पाण्यानं न बिघडणं वेगळं
आणि पाण्यावर राहणं वेगळं.
(मी कॅमेऱ्याबद्दलच बोलतेय.)

त्याच्या आधीचा मेला तो केसामुळे.
माझ्या म्होरक्या कुत्रीचा, तुत्तूचा, एकच पांढरा केस
झाकणाच्या रबरात आडवा पडलेला.
दोरीवरून चालणाऱ्या पोरीसारखा
समुद्र त्या केसावरून आत आला,
आणि आत येऊन बसला.
केसानं गळा कापणं म्हणतात ते हे.

म्हणून यावेळी मी आधीच सांगते.
बटण असं हवं, जे जाड मोज्यातून अंगठ्याला सापडेल,
अंगठा बधिर झालेला असताना.
बोट फिरवायचा पडदा नको,
त्यावर खारं पाणी माझ्याआधी बोट फिरवतं.
रंग केशरी.
आमच्या समुद्रात केशरी काही नसतं,
उन्हाळ्यात मध्यरात्रीचा सूर्य सोडला तर.

उयाराक तिसरा काढून देतो, लांब नाकाचा.
"हा तीसपट जवळ आणतो."
पण मला काही जवळ आणायचंच नाहीये.
कयाकमध्ये बसलं की समुद्र कमरेला लागून असतो,
कोपरं ओली, मांडीवर थेंब.
सील डोकं वर काढतो तो वल्ह्याच्या अंतरावर
आणि असा बघत राहतो
जसा फोटो तोच काढतोय.

साखर घ्यायला आलेली अर्नानग्वाक आत्या
मघापासून ऐकत उभी आहे.
"आम्ही घरी येऊन तोंडानं सांगायचो,
काय पाहिलं ते. लोक ऐकायचे.
आणि थोडं वाढवूनही सांगायचो.
माझा देवमासा तर दर हिवाळ्यात हातभर वाढायचा.
ह्याच्यात आहे का ती सोय?"

"आहे ना," उयाराक म्हणतो, "तीसपट."

आत्या इतकी हसते
की साखरेची पिशवी काउंटरवर ठेवावी लागते.

मग बादली आली. नळाचं पाणी, थंडगार.
मधला कॅमेरा, केशरी, ठेंगणा,
मी मनगटापर्यंत हात घालून तळाला नेला
आणि अंगठ्यानं बटण शोधलं. सापडलं.

पहिला फोटो:
वर पांढरी नळी, वाकडीतिकडी वितळलेली,
तिच्याखाली उयाराकचा जबडा,
आत्याची हनुवटी, आणि माझं नाक,
तिघं वाकून खाली बघतायत,
काळजीनं,
खाली कुणीतरी असल्यासारखे.

बराच वेळ बघत राहिले.
पाण्यात पडलेल्याला
काठावरची माणसं अशीच दिसत असणार.

"पुसून टाक तो," उयाराक म्हणाला, "दुकानातला आहे."
नाही पुसला.

मधलाच घेतला. वर पिवळ्या फोमचा तुकडा,
त्याचे पैसे वेगळे,
आणि त्या तुकड्यासाठी मी घासाघीस केली नाही.

घराजवळ तुत्तू साखळी ताणून शेपूट हलवत होती.
तिला लांबूनच हात केला.