गेट नंबर दोन

पत्ता सांगताना मी म्हणते, गोठिवली, गेट नंबर दोन.
पार्सलवाला विचारतो, मॅडम, गेट कुठंय?
गेट नाही.
रिक्षांची रांग आहे, टपरी आहे,
सुकटीची टोपली घेऊन बसलेली एक बाई आहे,
तिच्या पाठीशी एक खांब, खांबाला बिजागरीचा गंजलेला कान.
तेवढ्यालाच सगळे गेट म्हणतात.

हसुराम मढवींचं घर तीन मजली, दोन रिक्षांच्या रुंदीचं.
जिना असा की माझं कपाट दोरीनं खिडकीतून वर आलं,
आणि जाताना तसंच जाईल,
हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं.
डिपॉझिट पन्नास, भाडं साडेआठ,
पाणी सहा ते पावणेसात.
मटण चालेल. रात्रपाळी?
"चालंल की. आमी पन पालीचीच मानसा."

पहिला मजला बोनसचा.
दुसरा ओव्हरटाइमचा.
तिसरा, कंपनीनं कुलूप लावताना हातावर जे ठेवलं त्याचा,
ते पुरलं नाही म्हणून गच्चीला कठडा नाही,
सळया तशाच उभ्या,
सळईपासून सळईपर्यंत ताईबाईंचे बोंबील.
मी तिसऱ्यावर राहते.
म्हणजे कंपनी बंद पडली, त्यात राहते.
वारा चांगला येतो.

मोरीतलं पिंप कंपनीतलं, निळं.
तळाशी एक गुलाबी कडं आहे, ते जात नाही.
मी जुन्या ब्रशनं घासत बसले होते तर
ताईबाई दारात उभ्या राहून हसल्या,
"यांचे कान पन तसंच व्हते गो, कंपनी सुटली तरी दोन वरसा."

रंग व्हायचा तिथं.
नाला कधी हिरवा, कधी जांभळा,
कुठल्या खात्यात काय शिजतंय ते
गावातली शेंबडी पोरंही सांगायची.
आणि त्याच्याही आधी भात.
खाचर मढवींचंच होतं.
सरकारी कागद जपून ठेवलाय त्यांनी,
माझा करारनामा त्याच प्लास्टिकच्या पिशवीत गेला.
त्यावर त्यांच्या बापाचा अंगठा आहे, शाईचा.
माझाही अंगठाच घेतला, मशीनवर,
एम. एस्सी. झालेय तरी.

आता तिथं बिनखिडक्यांची इमारत आहे.
रात्री दहाला मी गळ्यात कार्ड घालून आत जाते,
थंडगार खोल्यांमधून फिरते,
कपाटांवरचे हिरवे दिवे हिरवेच आहेत ना, बघते.
नाक्यावर मढवी एकदा म्हणाले,
"तय काय बनतं?"
काही बनत नाही, काका. साठवतात.
"काय?"
लोकांचे फोटो. बँकेचे हिशेब. सगळं.
"वास?"
वास नाही येत.
त्यांनी तंबाखू मळली, थोडा वेळ मळतच राहिले.
"वास नाय, त कंपनी कसली."

मार्चमधल्या एका रविवारी पहाटे
आमच्याकडे जनरेटरची चाचणी होती.
बारा जनरेटर एकदम. जमीन थरथरली,
डिझेलचा धूर गावाकडे वळला.
पाळी संपवून मी आले तर
मढवी बनियनवर, सळयांमध्ये, गच्चीच्या अगदी कडेला,
डोळे मिटून, नाक वर.
मी हाक मारली नाही. कठडा नाही तिथं.
मागच्या पावलानं जिन्यावर थांबून राहिले.
खाली उतरताना म्हणाले,
"चालू झाली गो तुझी कंपनी."

अकरावा महिना होता.
जिन्यातच म्हणाले, पाचशे वाढवूया.
कपाट आठवलं, दोरी आठवली.
गावी दर महिन्याला पाठवायचे तेही आठवले.
हो म्हटलं.
सव्वासहा झाले होते,
पिंप भरायचं होतं अजून.