झडती

एकतीस वर्षं मी चुका शोधल्या.
नाशिकरोडच्या छापखान्यात, ट्यूबलाइटखाली,
ताव उलटायचा; शाईचा ठिपका, केसभर सरकलेली रेघ
दिसली की अंगठ्यानं बाजूला. रद्द.
डोळ्यांना तेवढंच शिकवलं होतं.
निवृत्तीनंतर ते माझ्याबरोबर घरी आले
आणि भाकरीचे काठ तपासू लागले.

हिनं वैतागून कपाट उपसलं:
सात खाकी सदरे, कॉलरी विरलेल्या,
तिची दोन पातळं, पोराची शाळेची चड्डी,
सोफ्याचं कव्हर.
"एवढं धुरपदाबाईकडं टाकून या.
आणि तिथंच बसा तपासत."

सिन्नर फाट्याला, टायरच्या दुकानामागं,
पत्र्याच्या सावलीत ती बसते.
आधी तिनं कपडे हुंगले,
मग एकेकाचं टोक धरून जरासं टरकावलं,
कान देऊन ऐकलं.
"ह्यो आत. त्यो वर.
आन् हे काय, नायलॉन? ह्याला घाम कळत न्हाई."
सोफ्याचं कव्हर परत आलं.

तळाला पातळ अंथरलं, चार कोपऱ्यांवर चार दगड.
वर विरलेल्याचे थर: आडवा, उभा, पुन्हा आडवा.
जाड शिवण आली की उसवून सपाट,
"निजताना शिवण बी खड्यावाणी टोचती, भाऊ."
लांब लांब कच्चे टाके.
मग मेणावरून ओढलेला दोरा,
आणि काठानं धावदोरा सुरू.

सुई पाचदा बुडते, पाचदा वर येते,
मगच ओढायची.
डावा हात खाली, कापडाच्या अंधारात.
टोक त्या बोटाला लागलं
की तिला कळतं, सगळे थर पार झाले.
दुखत नाही का, विचारलं मी.
"न टोचलं तर दुखणं. मंग परत उसवा."

चौकोनाच्या आत चौकोन, त्याच्या आत चौकोन,
दोन ओळींत करंगळीच्या पेराएवढी जागा.
पट्टी नाही. खडू नाही.
कोपरा आला की ती स्वतःच वळते,
गोधडीवरच बसलेली, बूड सरकवत,
शेताच्या बांधावरून चालावं तशी.
मी गाठ शोधली. वर नाही, खाली नाही.
"गाठ थराच्या पोटात ऱ्हाती.
लोकान्ला कशाला दाखवायची?"

तीन आठवडे जात होतो.
चहा कधी माझा, कधी टायरवाल्याचा.
आणि सापडली एकदाची:
सतराव्या ओळीत वीतभर
टाके एकदम लांब, भांबावलेले,
पुढं पुन्हा मुंग्यांची रांग.
मी बोट ठेवलं. जुनी सवय.

तिनं मान तिरकी करून पाहिलं.
"ते व्हय. निफाडहून फोन आल्ता, दवाखान्यातनं.
लेकीला पोरगी झाली."
आणि दोऱ्याला मेण लावत बसली.
माझा अंगठा हवेतच राहिला.

उलट बाजूनं पाहिली त्या दिवशी.
मागंही तेच चौकोन, तीच वीत.
आमच्या तावाला मागची बाजू वेगळी तपासावी लागे.

पौषात निफाडकडून वारा सुटला.
द्राक्षवाल्यांनी बागांत शेकोट्या पेटवल्या,
त्याच आठवड्यात गोधडी घरी आली.
मधोमध, शेवटच्या चौकोनात,
माझ्या सदऱ्याचा खिसा
तिनं तसाच ठेवलेला,
धावदोरा त्याच्या तोंडाला वळसा घालून गेलेला.
"असू द्या. हात गारठला तर."

ह्या खिशाची रोज संध्याकाळी
फाटकावर झडती व्हायची.
दोन बोटं आत, अस्तर बाहेर, झटका, चला.
एकतीस वर्षं त्यात काही निघालं नाही.

आता रात्री मी त्यात हात घालतो.
कधी कधी हिचा आधीच तिथं असतो.