नऊशे ऐंशी

पातोंड्याच्या धुडकू कुंभारानं
दोन घमेली माती दिली, पैसे घेतले नाहीत.
फक्त विचारलं, "इतला इस्तो कसाले, बहीन?
मडकं ते गवऱ्यासवर बी पक्कं व्हस."
मी म्हटलं, मडकं नको.
मग काय हवं, ते मला त्याच्या बोलीत सांगता येईना,
आणि ती तर माझ्या आईचीही बोली.

बोरीच्या वळणाखालची पांढुरकी माती.
तीन पाण्यांनी धुतली, लुगड्याच्या फडक्यातून गाळली.
कोळसा पऱ्हाटीचा:
आत्याच्या बांधावरची मोळी, बंद डब्यात जाळलेली.
नायट्रोजनचं सिलिंडर जळगावहून आलं
केळीच्या रिकाम्या ट्रकमध्ये, उभं बांधून,
चिकाच्या डागांसकट.

भट्टी लावली तेव्हा बाहेर चव्वेचाळीस होतं.
शिपाई झिपरूआप्पा म्हणाले,
मॅडम, गच्चीवर ठेवली असती तरी भाजली असती.

पाचशे पन्नासला पाणी जातं.
ओलं पाणी नव्हे, ते शंभरालाच गेलं;
हे हाडातलं.
ते गेल्यावर बोरीला कितीही पूर येवो,
ही पुन्हा चिखल होणार नाही.
वहीत लिहिलं: नऊ वाजून बारा मिनिटं.

मग नऊशे ऐंशी.
इथे पडद्यावरची रेघ अचानक उसळते.
भट्टी देत नसते तेव्हा,
माती देते.
इतका वेळ नुसती घेत बसलेली,
ती आतल्या आत कूस बदलते
आणि थोडी ऊब बाहेर टाकते.
पुस्तकात याला एक शिखर म्हणतात, बोटाच्या पेराएवढं.
मी दर वेळी त्यासाठी चहा थांबवते.

पुढचं सगळं व्यवहाराचं.
चौदाशेच्या आसपास कोळसा
मातीतला ऑक्सिजन घेऊन निघून जातो,
सुटलेल्या जागी नायट्रोजन येऊन बसतो,
सातबाऱ्यावरचं नाव बदलावं तसा.
दोनदा तेही झालं नाही.
एकदा फीडर गेला, तेराशे ऐंशीवर.
एकदा मातीतल्या लोखंडानं जागोजाग काळे तीळ उठवले.
तिसऱ्या वेळी पहाटे
रुपयाएवढी करडी चकती निघाली.
काचेवर ओढली. काच चिरली.
सायलॉन.
नाव डोकेदुखीच्या गोळीसारखं आहे, त्याला मी काय करू.

धुडकूकडे घेऊन गेले.
त्यानं नखानं वाजवली, कानाशी धरली,
मग खापर पारखतात तशी जिभेला लावली.
भाजलेलं खापर जिभेला चिकटतं.
"चिकटस नही," तो म्हणाला,
आणि धोतराच्या सोग्याला पुसून
चकती माझ्या हातावर ठेवली.

बराच वेळ चाक फिरवत राहिला.
मी निघाले तेव्हा मान वर न करता:
"ऱ्हायेल माटी दी दे मंग."

अर्धं घमेलं उरलं होतं.
संध्याकाळी नेऊन दिलं.
त्यानं त्यावर पाणी शिंपडलं,
आणि वास आला.