न कापलेला पाय

परभणीत, दवाखान्याच्या दारातून आलं की डावीकडं माझं टेबल.
वर पाटी : आरोग्यमित्र.
मित्र हा शब्द सरकारनं दिला,
खुर्ची दवाखान्यानं,
पंखा कुणीच नाही.

मुंजाजी डहाळे, वय एकसष्ट, सेलूकडचे शिंपी.
आले तेव्हा खताच्या पोत्याची पिशवी
टेबलावर उपडी केली.
तीन गावांच्या तीन सोनोग्राफ्या.
पंधरा दिवसांत चारदा क्रिएटिनिन,
एकाच दंडातलं रक्त
चार लॅबांच्या चार कागदांवर वाळलेलं.
सेलूचं जिंतूरनं पाहिलं नव्हतं,
जिंतूरचं नांदेडनं मानलं नव्हतं,
आणि साखरेची एकच गोळी
दोन नावांनी, दोन दुकानांतून.
ते सकाळी दोन्ही घ्यायचे, इमानानं.
"चक्कर यायलीय," म्हणाले,
"साखर लईच वाढली आसंल."

मशीनवर अंगठा उठेना.
चाळीस वर्षं कात्री, खडू, इस्त्री.
हाताच्या रेषा गावच्या पोरांच्या गणवेशात गेलेल्या.

उजव्या पायाचं, मशीनच्या पायडलवरचं,
दुसरं बोट काळं पडत होतं.
मी स्क्रीनवर पाहिलं :
बोट कापायला पॅकेज होतं.
घोट्याखाली कापायला होतं,
गुडघ्याखाली वेगळं,
जितकं वर कापाल तितकी रक्कम चढती.
पाय धुवायला नव्हतं.

मग मी फोन केला. हे माझ्या कामात बसत नाही.
"नसीमताई, तुमच्या गावचा एक पाय आलाय माझ्याकडं."
पलीकडं थोडा वेळ भांड्यांचा आवाज.
"पाठवून द्या," म्हणाल्या, "मी बघते."

एक दिवसाआड त्या जखम धुवायच्या.
इन्सुलिन माठाशेजारी, ओल्या वाळूत.
केंद्रावरच्या डॉक्टर कांगणेंनी
पिशवीतला प्रत्येक कागद वाचला, जेवणाच्या सुट्टीत,
आणि दोनातली एक गोळी खोडली
लाल पेनानं, जोरात, कागद फाटेपर्यंत.
दर सोमवारी जखमेचा फोटो माझ्या मोबाईलवर.
तो मी लिफ्टपाशी सर्जनसाहेबांना दाखवायचो,
ज्यांचं पॅकेज बुडत होतं त्यांनाच.
ते चष्मा वर करून बघायचे.
"थांबू अजून आठवडाभर."
सात आठवडे ते असंच म्हणाले.

प्रत्येक फोन लागतो असं नाही.
वसमतकडच्या कौसाबाईंच्या गावात त्या दिवशी रेंज नव्हती.
त्यांचं पॅकेज मंजूर झालं,
चोवीस तासांत, एकही क्वेरी न येता.

महिनाअखेरच्या बैठकीत विचारणा झाली :
डहाळे केसचं काय?
"झाली नाही, सर."
"म्हणजे नामंजूर?"
"नाही सर. झालीच नाही."
जे घडलं नाही त्याला क्लेम नंबर नसतो.
रकान्यात शून्य टाकलं, तेही लाल झालं.
त्याच दिवशी पुण्याचे पाहुणे
खर्च आटोक्यात आणण्यावर बारा स्लाईडी दाखवून गेले.
नसीमताईंचं रिचार्ज
त्यातल्या एकीतही नव्हतं.

परवा मुंजाजी आले, स्वतःच्या पायानं,
किंचित लंगडत, नऊ बोटं शाबूत, दहावं थोडं वाकडं.
नवी पिशवी ठेवली समोर,
पुन्हा खताचंच पोतं, पण आत खण शिवलेले :
एक साखरेचा, एक किडनीचा, एक डोळ्याचा,
एक रिकामा.
"ह्यो कशाचा?"
"अजून काय निघंल, काय सांगावं."

मी पिशवी उलटसुलट पाहिली. टाका बारीक, सरळ.
"चाळीस रुपये," ते म्हणाले.
"माझ्याकडून बी?"
"पायडल मारलंय साहेब, फुकट न्हाई."

दिले. पावती मागितली नाही.
आता ही चाळीसची नोंद कोणत्या रकान्यात करायची
एवढं तेवढं कुणीतरी सांगावं.