कोणत्या दगडापासून

चाळीस वर्षं झाली, हेडाऊ आणि मी
एकाच प्रश्नावर तर्री-पोहे खातो आहोत.
देव आहे, म्हणतो तो, आणि वरून शेव मागतो.
नाही, म्हणतो मी, तर्री मात्र आणखी घाल.
ठेलेवाला पैसे दोघांकडूनही घेतो.

हेडाऊचं इतवारीत कूलरच्या ताट्यांचं दुकान,
बोटांना बारा महिने खसाचा वास.
मी महापालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी लिहून निवृत्त.
हजारो आले, हजारो गेले,
रजिस्टरात देवाच्या सहीचा रकाना नव्हता.

त्या दिवशी म्हणालो, भीतीतून निघाला तुझा देव.
वीज कडाडली, माणूस गुहेत दबकला,
एक धूर्त उठून म्हणाला, थांबा, मी बोलून बघतो तिच्याशी,
आणि तेव्हापासून त्याच्या पोरांना फुकट जेवण.
हेडाऊनं मिरची बाजूला सारली.
"भीतीनं माणूस पयते बाप्पा,
थांबून हात नाही जोडत."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं उत्तर आवडलं,
म्हणून मी स्कूटरला किक मारली.
काटोल रस्ता. जुनापाणी.

माळावर दगडांची रिंगणं.
काळे दगड, खांद्याला खांदा लावून गोल बसलेले,
मधल्या माणसाचं बोलणं अजून संपायचं असल्यासारखे.
मधला माणूस खाली. अडीच-तीन हजार वर्षं.
सोबत मडकं, लोखंडी कुऱ्हाड, कुणाच्या सोबत घोडासुद्धा.

"बघ," मी म्हणालो, "तुझ्या एकाही देवाचं नाव नाही इथं."
"नाव नाही. पण मेलेल्याले मडकं कायले पायजे, सांग?"
दगडांवर लिंबाएवढे खळगे, रांगेनं कोरलेले.
कशासाठी, ते सांगायला कोणी उरलं नाही.
मी म्हणालो, मोजणी. तो म्हणाला, नैवेद्य.

तेवढ्यात शेळ्या आल्या. मागून एक बाई,
हातात तेलाचा जुना डबा.
खळग्यांत पाणी ओतत चालली.
"कोणासाठी?" आम्ही एकदमच विचारलं.
"पाखरायसाठी. अजून कोणासाठी?"
मी हेडाऊकडे पाहिलं. झालं. दया आहे, देव नाही.

पण हेडाऊ दुकानदार, गिऱ्हाईक सोडत नाही.
"जवळचा सोडून त्या पल्याडच्या दगडापासून काहून चालू केलं, बाई?"
ती थांबली. हे तिला कोणी विचारलं नसावं.
"माय तिथूनच चालू करे."
"अन् तिची माय?"
"आता तिले कुठं इचारता?" हसली,
आणि शेळ्यांमागं गेली.

हेडाऊचा चेहरा जिंकल्यासारखा. माझाही.
परतताना दोघंही बोलत होतो,
हेल्मेटांमुळे कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.
फुटाळ्याजवळ पेट्रोल संपलं.
मग ढकलताना वादाला दम उरला नाही.

रात्री साडेनऊला भिंती अजून भाजत होत्या.
कूलर कोरडा. बादली उचलली
आणि हात वळला मागच्या डाव्या कोपऱ्याकडे.
पुढून ओतणं सोपं. पुढून ओतलं तर कंबर धरत नाही.
बेबीनंदा मागून ओतायची.
का, ते विचारायचं राहिलं.
माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी गेली,
तिची नोंद माझ्याच अक्षरात आहे,
कारणाचा रकाना नीट भरलेला.

दुसरी बादलीही मागूनच.
पंप गुरगुरला, ताट्या भिजल्या,
घरभर हेडाऊच्या दुकानाचा वास.

हे मी त्याला सांगणार नाही.
उद्या पुन्हा वीज, पुन्हा गुहा, पुन्हा तो धूर्त.
कळलं, तर माझ्या पैशांनी
दोनदा शेव मागेल.