नख

हूमाच्या शाळेत, जिममागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
ओडेट थिबोदो तोंडावर काच ओढते.
जग विझतं. उरतो एक वितळता ठिपका,
तिच्या शब्दाबाहेर न जाणारा.

‘पाच वर्षांनी तू कुठे असशील?’
या निबंधाला तिनं कोरा कागद दिला होता.

आज परीक्षक लाफ्लूर काहीच विचारत नाही.
तिनं सांधलेल्या पोलादाची पट्टी कापतो,
यंत्रात घालून दाबतो
घोड्याच्या नालासारखी वाकेपर्यंत,
मग नख फिरवतो बाकावरून.
कुठे चीर?

गेल्या सप्टेंबरात बापाच्या बोटीवर
जाळं ओढायच्या रहाटाचा कान तुटला.
वेल्डर उगवला एकविसाव्या दिवशी.
तोवर कोळंबी आपल्या वाटेनं गेली होती.
बाप त्यावर कधी बोलला नाही.

नख कुठंच अडत नाही.

मिळतं एक कार्ड, पाकिटात मावणारं,
नावातलं एक अक्षर खाल्लेलं.
ती तक्रार करत नाही,
वाकलेली पट्टी तेवढी मागून घेते.

रात्री जेवता जेवता बाप पट्टीवर नख फिरवतो,
पुन्हा एकदा, उलट बाजूनं.
मग उष्ट्या हातानंच उठतो,
दाराजवळ खिळा ठोकून पट्टी अडकवतो
आणि तिला टांगतो
बोटीची किल्ली.